पाचशे लॅम्पची ऑर्डर देण्याआधी

वाचकाचं पत्र: नमस्कार. मी नोकरी करते आणि सोबतीने एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर वस्तू विकायला सुरुवात करायची म्हणते. दोन वस्तू डोक्यात आहेत. एक चार्जिंगचा टेबल लॅम्प आणि दुसरी म्हणजे प्रवासाच्या बॅगेत कपडे लावून ठेवायचे कापडी पाऊच, सहाचा संच. मी केलेल्या एका ऑनलाइन कोर्समध्ये लॅम्प ही ‘हमखास चालणारी वस्तू’ म्हणून सांगितली होती. लॅम्प बनवणारा म्हणतो, पाचशे नग घेतले तर भाव बराच उतरेल. पण माझी जवळजवळ सगळी बचत त्यात जाईल. माल बाजारपेठेच्या गोदामात ठेवावा की घरून पाठवावा? सुरुवातीचे रिव्ह्यू नातेवाइकांकडून लिहून घेतले तर चालतील का? असे पाऊच विकणारे आधीच पुष्कळ आहेत. त्यांच्यापेक्षा किंमत थोडी कमी ठेवली की विक्री सुरू होईल ना? सहा महिन्यांत नोकरी सोडता येईल, असं धरून चालले आहे.

उत्तर:

पाचशे लॅम्पची ऑर्डर देऊ नका. आगाऊ रक्कम दिली नसेल तर प्रश्नच मिटला. दिली असेल, तर ती सोडून द्यावी लागली तरी उरलेली बचत वाचते का ते बघा.

बाकीच्या प्रश्नांकडे जरा सावकाश येतो, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही. भाव आहे, नगांची संख्या आहे, सहा महिन्यांची मुदतही आहे; पण एका नगामागे तुमच्या हातात नेमकं किती उरणार, ते नाही. माल खपला नाही तर ते लगेच दिसतं. माल खपतोय, पण प्रत्येक नगामागे खिशातले पैसे जाताहेत, हे मात्र कळायला फार वेळ लागतो. रोज ऑर्डरी येत असतात, मोबाइल वाजत असतो आणि माणूस खुशीत असतो.

आधी त्या ‘हमखास’ वस्तूबद्दल. कोर्समध्ये जी वस्तू तुम्हाला सांगितली, ती त्या कोर्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितलेली आहे. सगळे एकाच सुमाराला, कदाचित त्याच उत्पादकाकडे, तोच लॅम्प मागायला जाणार. शिवाय हमखास चालणारी वस्तू ज्याला खरोखर सापडली आहे, तो ती फी घेऊन का सांगेल, हा प्रश्न मला कायम पडतो. असो.

लॅम्पच्या विरोधात माझ्याकडे याहून ठोस कारणं आहेत. चार्जिंगचा म्हणजे आत लिथियमची बॅटरी असणार. अशा बॅटरीच्या वाहतुकीसाठी ‘यूएन ३८.३’ ही ठरलेली चाचणी पार करावी लागते आणि बाजारपेठा तिचे कागद मागतात. अनेकदा ते माल गोदामात पोचल्यावर मागितले जातात आणि कागद मिळेपर्यंत विक्री थांबवून ठेवतात. उत्पादकाने दिलेला चाचणी अहवाल त्याच मॉडेलचा आणि त्याच बॅटरीचा आहे का, हे तपासणं पहिल्यांदाच विकणाऱ्याला अवघड जातं. त्यात लॅम्प वाटेत फुटतो. दोन महिन्यांनी चार्ज होईनासा होतो. आणि ग्राहक रागावून जो रिव्ह्यू लिहितो, तो उत्पादकाच्या नावावर जात नाही, तुमच्या नावावर राहतो.

शिवाय आकार. बहुतेक कुरिअर कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचं आकारमानही धरतात: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचं, की किलो येतात. खरं वजन आणि हे वजन यांत जे जास्त असेल, त्यावर पैसे. ३० बाय २० बाय १५ च्या खोक्यातला लॅम्प काट्यावर ७०० ग्रॅम भरला, तरी बिल १ किलो ८०० ग्रॅमचं होणार. पाऊचचा संच घडी घालून २५ बाय १८ बाय ४ मध्ये बसला, तर ३६० ग्रॅम. हा फरक प्रत्येक ऑर्डरीला, आणि माल परत आला तर पुन्हा एकदा, तुमच्या खिशातून जातो. पाऊचमध्ये फुटायला काही नाही, बॅटरी नाही आणि कपड्यांसारखी मापाची भानगडही नाही. तुम्हाला या धंद्याची पहिली ओळख करून घ्यायची आहे, तर ती पाऊचवर करून घ्या.

आता हिशोब. मी विक्रीची किंमत १०० धरतो, म्हणजे तो कोणत्याही चलनात वाचता येईल. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या बाजारपेठेचे दर तिच्या शुल्काच्या पानावर आणि शुल्क मोजायच्या कॅल्क्युलेटरमध्ये मिळतील, ते इथे बसवा. कमिशन १५ धरू. अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनवर बऱ्याच विभागांत ते ८ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असतं. गोदामातून उचलून ग्राहकाच्या दारात पोचवण्याचे २०. माल, त्याचं पॅकिंग आणि तो तुमच्यापर्यंत आणण्याचं भाडं मिळून ३३. उरले ३२. जाहिरातीला प्रत्येक ऑर्डरीमागे १२ गेले, तर राहिले २०. बहुतेक नवे विक्रेते इथे थांबतात आणि शंभरामागे वीस, म्हणजे बरं आहे, असं म्हणून ऑर्डर देऊन मोकळे होतात.

पण रिटर्न राहिले ना! समजा शंभरातले ८ संच परत आले. उरलेल्या ९२ वर ३२ प्रमाणे २९४४ मिळाले. परत आलेल्या प्रत्येकावर पाठवण्याचे २० गेले, परत आणण्याचे १० धरू, आणि कमिशन परत मिळतं तेव्हा त्यातला काही भाग प्रक्रिया शुल्क म्हणून कापून घेण्याची पद्धत आहे, त्याचे ३ धरू. एकावर ३३, आठावर २६४. त्या आठातले निम्मे पुन्हा विकण्याजोगे नसतील, तर ४ संचांचा माल गेला, आणखी १३२. हे दोन्ही वजा केले की राहिले २५४८. जाहिरात शंभरही ऑर्डरींवर झाली आहे, तिचे १२०० गेले. हातात १३४८, म्हणजे ऑर्डरीमागे साडेतेरा. आठ टक्के रिटर्ननी नफ्याचा एक तृतीयांश खाल्ला.

तुमच्या किंमत कमी ठेवण्याच्या बेताचं उत्तर याच हिशोबात आहे. १०० चे ९० करा. कमिशन तेवढं साडेतेरावर येतं, बाकी सगळे खर्च जिथल्या तिथे. एका संचामागे उरतात ३२ च्या जागी साडेतेवीस. तेच आठ रिटर्न आणि तीच जाहिरात धरली, तर शंभर ऑर्डरींनंतर हातात राहतात ५६६. किंमत दहा टक्के उतरली आणि नफा निम्म्याहून खाली आला. समोरचा मोठा विक्रेता तुमच्याहून स्वस्त माल घेतो, त्याला भाड्यात सवलत मिळते आणि तो आणखी दहा टक्के उतरू शकतो. त्याच्याशी या खेळात उतरायचं नाही. उतरायचंच असेल तर त्याच्या मालात काय कमी आहे, ते हेरून उतरायचं.

आणि ते फुकटात कळतं. पाऊचच्या पहिल्या पानावर जे दहा-बारा संच दिसतात, त्यांचे तीन स्टारचे रिव्ह्यू वाचायला बसा. पाच स्टारवाले कौतुक करून निघून जातात आणि एक स्टारवाल्यांतले पुष्कळजण कुरिअरवर चिडलेले असतात. तीन स्टार देणारा मात्र शांतपणे सांगतो: चेन कोपऱ्यावर अडकते, जाळी दुसऱ्या प्रवासात फाटली, सर्वांत मोठा पाऊच विमानात सोबत नेण्याच्या बॅगेत मावत नाही, काळा रंग पांढऱ्या कपड्यांना लागला. एक वही घ्या आणि प्रत्येक तक्रार किती वेळा आली ते लिहीत जा. वरच्या दोन-तीन तक्रारी ज्याच्या मालात नसतील, असा उत्पादक शोधा किंवा असलेल्या उत्पादकाला त्या दुरुस्त करायला सांगा. चांगल्या चेनमुळे संच ३३ ऐवजी ३५ ला पडला, तरी रिटर्न आठावरून पाचावर आले तर तुम्ही फायद्यात आहात. वरच्या हिशोबात आकडे घालून बघा.

सॅम्पल मागवा, तेही एका उत्पादकाकडून नको, दोघा-तिघांकडून. आल्यावर त्याचे हाल करा. चेन शेकडो वेळा उघड-बंद करा, विशेषतः वळणावर. कापड धुवा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का बघा. संच कपड्यांनी ठासून भरा आणि शिवण ताणा. तुम्ही ज्या पाकिटात पाठवणार त्यातच भरून काट्यावर ठेवा, मोजपट्टी लावा आणि मग कुरिअरचा हिशोब करा. उत्पादकाच्या पत्रकातलं माप यात धरू नका. कापडाची जाडी, चेनचा प्रकार, प्रत्येक पाऊचचं माप आणि त्यात किती फरक चालेल, रंग, लेबल, सगळं लेखी ठरवा. मंजूर झालेला एक सॅम्पल सही करून त्याच्याकडे आणि एक तुमच्याकडे. पैशांचा शेवटचा हप्ता माल तपासून झाल्यावरच. हे ऐकून जो उत्पादक वैतागतो, तो माल बिघडल्यावर फोनही उचलणार नाही.

किती नग? शंभर. भाव जास्त पडेल, मान्य आहे. पाचशेच्या भावात शंभर कोणी देणार नाही. पण पहिल्या लॉटमधून नफा काढायचाच नाही. रिटर्न खरंच किती येतात, लोक कोणता शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत पोचतात, एका विक्रीला किती क्लिक लागतात, हे तुम्हाला त्यातून कळायचं आहे. वर मी बसवलेले आकडे अंदाजाचे आहेत; शंभर नग विकल्यावर तुमच्याकडे तुमचे स्वतःचे असतील. बचतीचा साधारण तिसरा भाग मालात घाला, त्याहून जास्त नको. उरलेल्यातून भाडं, जाहिरात, रिटर्न आणि मुख्य म्हणजे दुसरा लॉट यांची सोय करायची आहे. विक्री झाली की पैसे लगेच येत नाहीत. अ‍ॅमेझॉनवर साधारण १४ दिवसांचं चक्र असतं आणि नव्या विक्रेत्याचे पैसे अनेकदा माल पोचल्यानंतर आणखी सात दिवस राखून ठेवतात. माल चांगला खपतोय, पण दुसरा लॉट मागवायला हातात पैसा नाही, अशी वेळ येते. मधे लिस्टिंग, म्हणजे बाजारपेठेवरचं तुमच्या वस्तूचं पान, ‘स्टॉक नाही’ दाखवत पडून राहिली, की शोधाच्या यादीतली कमावलेली जागाही खाली घसरते.

गोदाम की घर, यावर नेटवर दोन्ही बाजूंनी पोटतिडकीने लिहिलेलं सापडेल. तुमच्या बाबतीत निर्णय नोकरीमुळेच होतो. घरून पाठवायचं तर ऑर्डर आली की ठरल्या वेळेत पॅक करून कुरिअरच्या हाती द्यावी लागते. ऑफिसात उशीर झाला, ताप आला, बाहेरगावी जावं लागलं, तरी. बाजारपेठा हे बारकाईने मोजतात. अ‍ॅमेझॉनवर स्वतः पाठवणाऱ्यांसाठी उशिरा रवाना झालेल्या ऑर्डरी ४ टक्क्यांच्या आत आणि विक्रेत्याने रद्द केलेल्या अडीच टक्क्यांच्या आत लागतात. सदोष ऑर्डरींचं प्रमाण, म्हणजे वाईट अभिप्राय, ग्राहकाचा दावा किंवा कार्डाचे पैसे उलटवणं, हे १ टक्क्याच्या आत. मोठ्या विक्रेत्याला यात पुष्कळ मोकळीक असते. तुमच्या पहिल्या चाळीस ऑर्डरींत असा एकच प्रकार झाला, की तुम्ही अडीच टक्क्यांवर. सुरुवातीला चूक परवडत नाही, ती या साध्या भागाकारामुळे.

म्हणून शंभरातले ऐंशीएक संच गोदामात पाठवा. अ‍ॅमेझॉनने ही सोय २००६ मध्ये सुरू केली आणि आता मोठ्या बाजारपेठांवर ती बहुतेक ठिकाणी कोणत्या ना कोणत्या रूपात मिळते. तिथे माल पोचवण्याची आणि उशिराची जबाबदारी त्यांच्यावर जाते. उरलेले वीस घरी ठेवा. गोदामातला माल संपला किंवा तिथे पोचायला वेळ लागला, तर तोवर ते कामी येतात. गोदामाचं भाडं जागेवर असतं, दर महिन्याला लागतं, वर्षाच्या शेवटच्या गर्दीच्या महिन्यांत वाढतं आणि बरेच महिने पडून राहिलेल्या मालावर वेगळा भुर्दंड बसतो. पाचशे लॅम्प तिथे सहा महिने बसले असते, तर बिल बघून तुम्हीच ते परत मागवले असते. मागवायचेही पैसे पडतात.

गोदाम वापरलं तरी परत आलेले, न विकण्याजोगे ठरवलेले संच तिथे टाकून देऊ नका. निदान पहिले काही तरी घरी मागवा आणि उघडून बघा. ‘सदोष’ म्हणून आलेल्यात कधी न उघडलेलं पाकीट निघतं, कधी खरोखर तुटलेली चेन निघते, तर कधी कोणाचा तरी जुना, दुसऱ्याच कंपनीचा पाऊच निघतो. तिन्हींवर करायची कामं वेगळी आहेत आणि रिपोर्टमधल्या एका शब्दावरून ती कळत नाहीत. तिसऱ्या प्रकारात फोटो काढून बाजारपेठेकडे दावा करा.

रिव्ह्यूबद्दल माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे, आणि हा निव्वळ सोवळेपणा नाही. कुटुंबीयांनी आणि मित्रांनी लिहिलेले रिव्ह्यू बहुतेक बाजारपेठांच्या नियमांत बसत नाहीत. पत्ता, कार्ड, मोबाइल, घरचं इंटरनेट यांवरून नातं ओळखणं त्यांना कठीण जात नाही. ऑक्टोबर २०१६ पासून अ‍ॅमेझॉनने फुकट किंवा सवलतीत माल देऊन रिव्ह्यू घेणंही बंद केलं. त्यांचा स्वतःचा ‘व्हाइन’ हा कार्यक्रम तेवढा चालतो. अमेरिकेत तर फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या रिव्ह्यूंना मनाई करणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. पकडलं गेलं तर नुसते ते रिव्ह्यू उडत नाहीत, कधी अकाउंटच बंद होतं आणि आतले पैसे अडकतात. पाकिटात ‘पाच स्टार द्या, भेट मिळवा’ अशी चिठ्ठी घालणं हाही तोच गुन्हा. अ‍ॅमेझॉनच्या विक्रेत्याला प्रत्येक ऑर्डरीसमोर रिव्ह्यू मागण्याचं बटण मिळतं. ते माल पोचल्यावर ५ ते ३० दिवसांत दाबता येतं. मजकूर बाजारपेठेचाच जातो, त्यामुळे नियम मोडण्याची भीती नाही. पाऊचसाठी मी ते दोनेक आठवड्यांनी दाबेन, कारण वापरून बघितल्याशिवाय कोणी काय लिहिणार? नातेवाइकांना मदत करायचीच असेल, तर लिस्टिंग वाचायला द्या आणि ‘हे वाचून तुला नेमकं किती मोठं पाकीट येईल असं वाटतं?’ एवढंच विचारा. उत्तरं ऐकून धक्का बसेल.

कारण पाऊचचे बरेचसे रिटर्न ‘वाटलं त्यापेक्षा लहान’ म्हणून येतात. सेंटिमीटर कोणी वाचत नाही. मोठ्या पाऊचमध्ये घडी केलेले शर्ट ठेवून फोटो काढा, त्यात किती बसले ते फोटोवरच लिहा. सहाही पाऊच शेजारी शेजारी मांडून एक फोटो. बॅगेत लावलेले एक. चेनचा अगदी जवळून एक. पहिल्या फोटोचे नियम मात्र कडक असतात: अ‍ॅमेझॉनवर शुद्ध पांढरी पार्श्वभूमी, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला, सोबत न मिळणारी कोणतीही वस्तू फोटोत नको, आणि मोठी करून बघता यावी म्हणून लांब बाजू निदान १००० पिक्सेलची. शीर्षकात आधी वस्तू काय आहे ते, मग किती नगांचा संच, मग रंग. ‘प्रीमियम’, ‘सर्वोत्तम’ वगैरे विशेषणं शोधताना कोणी टाइप करत नाही. जागा वाया जाते.

दुसऱ्याच्या चालत्या लिस्टिंगला आपला तसाच दिसणारा माल जोडून द्यायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. तो घेऊ नका. एकाच लिस्टिंगवर अनेक विक्रेते असणं हे अगदी तीच वस्तू असेल तरच रीतसर आहे, आणि तिथेही खरेदीचं मुख्य बटण एका वेळी एकालाच मिळतं. दिसायला सारखी पण वेगळ्या कारखान्यातली वस्तू जोडली, तर ती बनावट ठरवून तक्रार होऊ शकते. स्वतःची लिस्टिंग, स्वतःचं नाव, आणि बारकोड जीएस१ या संस्थेकडूनच घेतलेला. नेटवर स्वस्तात मिळणारे बारकोड मुळात दुसऱ्याच कंपनीच्या नावावर असतात आणि पडताळणीत अडतात. नाव ठरवाल तेव्हा लेबलं छापण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी नोंदीत शोधून बघा. नोंदणी दुसऱ्या लॉटच्या वेळी केली तरी चालेल, शोध आत्ताच.

जाहिरात. सुरुवातीला ती करावी लागते, कारण रिव्ह्यू नसलेली नवी वस्तू कितव्या पानावर असते ते विचारू नका. वरच्या हिशोबात जाहिरात धरण्याआधी शंभर ऑर्डरींवर २५४८ उरत होते. म्हणजे ऑर्डरीमागे साधारण साडेपंचवीसपर्यंत खर्च झाला तर बरोबरी, त्यापुढे तोटा. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. बारा क्लिकमागे एक विक्री होत असेल, तर एका क्लिकला दोनपेक्षा फार वर जाता येणार नाही. रोजचं बजेट लहान ठेवून आपोआप चालणारी मोहीम दोन आठवडे चालू द्या. मग लोकांनी काय काय शोधून तुमच्या जाहिरातीवर क्लिक केलं, त्याचा रिपोर्ट काढा. बुटांची पिशवी आणि मेकअपचा डबा शोधणारे लोक तुमचे पैसे संपवून गेलेले दिसतील. ते शब्द वगळायच्या यादीत टाका, आणि ज्यांवर विक्री झाली तेवढे घेऊन वेगळी मोहीम करा. पहिल्या तीन दिवसांत काही विकलं गेलं नाही म्हणून बोली, म्हणजे एका क्लिकला तुम्ही देऊ करता ती रक्कम, दुप्पट करू नका.

अकाउंट उघडताना ओळखपत्र, बँक खातं, कर नोंदणी आणि पत्त्याचा पुरावा, सगळीकडे नाव अक्षरशः सारखं हवं. एका ठिकाणी मधलं नाव आणि एका ठिकाणी नाही, एवढ्यावरून पडताळणी आठवडेच्या आठवडे लटकते. परवानगीशिवाय दुसरं अकाउंट काढू नका. ‘तुमचं अकाउंट आम्हाला वापरायला द्या, दरमहा पैसे देऊ’ असे फोन येतील. त्यांच्या विक्रीचा कर आणि त्यांच्या बनावट मालाची जबाबदारी तुमच्या नावावर येते, एवढं लक्षात ठेवून फोन ठेवा. दुसऱ्या देशात विकायचा मोह इतक्यात नको. युरोपियन संघात तर १३ डिसेंबर २०२४ पासून ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तूंसाठी तिथला जबाबदार प्रतिनिधी नेमावा लागतो. आणि पाऊचवर लहान मुलांसाठी म्हणून कार्टून छापायची कल्पना कोणी दिली तर थांबा. मुलांच्या वस्तूंना चाचण्यांचे वेगळे नियम लागतात. अमेरिकेत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या वस्तूला त्याचं प्रमाणपत्र लागतं.

नोकरीचं राहिलं. अशा बाजारपेठांवर छोटे विक्रेते खरंच खूप विकतात. अ‍ॅमेझॉनच्याच आकड्यांनुसार तिथल्या वस्तूंच्या विक्रीत बाहेरच्या विक्रेत्यांचा वाटा १९९९ मध्ये ३ टक्के होता, तो २०१८ मध्ये ५८ टक्के झाला. कोर्सवाले हा आकडा आवडीने दाखवतात. पण वाटा वाढला तसे तो वाटून घेणारेही वाढले. तुमच्या हाती किती येईल, हे त्यावरून काहीच कळत नाही.

सहा महिने हा काळ मला कमी वाटतो. प्रवासाच्या वस्तूंची विक्री सुट्ट्यांच्या आसपास फुगते आणि मग बसते. फुगलेल्या महिन्यांवरून नोकरी सोडली, तर बसलेल्या महिन्यांत भाडं भरायला पंचाईत होईल. निदान एक पूर्ण वर्ष दोन्ही चालू ठेवा. दर महिन्याचा हिशोब लिहा, आणि त्यात पॅकिंग, तक्रारींना उत्तरं, रिपोर्ट बघणं यांत गेलेले तुमचे तासही मांडा. सलग तीन मंद महिने असे गेले, की मालाचा पुढचा लॉट बाजूला काढूनही घरखर्चाएवढी रक्कम उरली, तर नोकरीबद्दल बोलू. तेव्हा पुन्हा लिहा आणि सोबत ती हिशोबाची वही पाठवा. विक्रीच्या आकड्याचा स्क्रीनशॉट नको.